मे महिन्यात कोणती रेशीम अळी?

थंडीत प्रश्नच नाही, सीएसआरचा (म्हैसूरच्या रेशीम संशोधन संस्थेच्या जातींचा) दुबार, म्हणजे वर्षात दोन पिढ्या देणारा, संकर घ्या. पांढराशुभ्र कोष, हजार मीटरच्या आसपास धागा, भावही बरा. पण ही अळी लाडाची. तिला २४ ते २८ अंश लागतात अन् नागपूरचा मे ४५ ला टेकतो. कूलर, ओली पोती, सगळं करूनही शेवटच्या अवस्थेत अळ्यांनी तुतीचा पाला सोडला अन् रॅकच्या कडेला येऊन बसल्या, की समजायचं, बॅच गेली.

दुसरा पर्याय कोलार गोल्ड, म्हणजे म्हैसूरची देशी बहुवार (वर्षात अनेक पिढ्या देणारी) मादी अन् सीएसआर-२ चा नर यांचा संकर. कोष पिवळसर, धागा आखूड, भाव कमी. पण उकाडा त्यातल्या त्यात सोसते. उन्हाळ्यात मी हीच घेईन. नाहीतर सरळ सुट्टी, रॅक धुऊन निर्जंतुक करायला वेळ मिळतो.