'डिझेलमध्ये पाणी आहे शेठ': जादा सेपरेटरच्या नावाखाली झालेली फसवणूक

पावसाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर डिझेलमधल्या पाण्याचा दिवा पेटला आणि हायवेवरचा एखादा गॅरेजवाला म्हणाला की "जादा वॉटर सेपरेटर बसवून घ्या, नाहीतर पंप-नोझल गेलेच समजा", तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझ्या गाडीवर हा प्रकार झाला. सेपरेटरचे साडेबारा हजार गेले, आणि त्याच्यामुळे पुढे दीड लाखाच्या वर गेले.

जादा सेपरेटर, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं काढणारा आणखी एक फिल्टर, बसवणं ही गोष्ट मुळात वाईट नाही, म्हणूनच ही फसवणूक खपते. डिझेलमध्ये पाणी येतं हे खरंच आहे. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पावसाचं पाणी झिरपतं, गाडीची टाकी अर्धी रिकामी राहिली की रात्रीच्या गारव्यात आतल्या पत्र्यावर दव धरतं, टाकीचं झाकण ढिलं असलं तर धुताना पाणी जातं. इंजिनात जुन्या पद्धतीचा डिझेल पंप असलेल्या गाड्या थोडंफार पाणी पचवायच्या, धूर ओकायच्या आणि चालायच्या. कॉमन रेलचं, म्हणजे एका सामायिक नळीतून प्रचंड दाबाने डिझेल पुरवणाऱ्या नव्या इंजिनांचं, तसं नाही. ट्रकच्या टायरात साधारण आठ बार हवा असते, आणि या इंजिनांत नोझलपाशी, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या टोकाशी, डिझेलचा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. एवढ्या दाबाच्या बारीक भोकांत पाणी आणि गंज गेला की नोझल संपलं. ही भीती प्रत्येक मालकाच्या मनात आहे, आणि ती खोटी नाही. खोटं होतं ते त्या भीतीवर विकलेलं औषध.

माझ्या दोन गाड्या. एक जुनी, बीएस-४ या आधीच्या प्रदूषण निकषाची, दुसरी नव्या बीएस-६ निकषाची दहाचाकी, वॉरंटीतली. पिंपळगाव बसवंतहून कांद्याचे कंटेनर न्हावा शेवा बंदराला, परतीला कळंबोलीतून लोखंड घेऊन नाशिकच्या अंबड-सातपूरला, असं काम. नवीन गाडीवर ड्रायव्हर म्हणून मामा असतात. वयाने मोठे, जुन्या पंपाच्या जमान्यातले, पाना हातात घेऊन रस्त्यावर एअर काढणारे. पण नव्या गाडीला "वायरींचं जाळं आहे, आपण हात लावायचा नाही" म्हणतात, आणि वॉरंटी असल्यामुळे मीही त्यांना तेच सांगून ठेवलं होतं.

भर पावसात बंदराकडे जाताना त्यांचा फोन आला. "शेठ, पाण्याचा दिवा लागलाय." हायवेलगतच्या एका गॅरेजवर गाडी उभी होती. (तक्रार चालू आहे म्हणून गॅरेजचं नाव आणि ठिकाण लिहीत नाही.) पाठोपाठ मिस्त्रीचाच व्हिडिओ कॉल. हातात एक लिटरची पारदर्शक बाटली. वर पिवळसर डिझेल, खाली स्वच्छ पाणी, मध्ये ठळक रेघ. "बघा शेठ, निम्मं पाणी आहे. तुमच्या फिल्टरच्या वाटीतून काढलंय. कंपनीचा सेपरेटर छोटा पडतो. कसारा चढायच्या आत पंप सीझ होणार." मग त्याने एका नावाजलेल्या कंपनीचा डबा दाखवला, होलोग्राम चमकवला. जादा सेपरेटर, दोन मायक्रॉनचा म्हणजे अगदी बारीक गाळणारा, फिटिंगसकट साडेबारा हजार. बंदरावर गेटची वेळ ठरलेली, गाडी भरलेली. यूपीआयने पैसे पाठवले. तासाभरात दिवा विझला, गाडी निघाली.

त्यानंतर सकाळी स्टार्टिंगला त्रास सुरू झाला. सेल्फ लांबवर मारावा लागायचा, फिल्टरवरचा हातपंप दाबल्याशिवाय गाडी घ्यायची नाही. एकदा चालू झाली की ठीक. मग घाटात पिकअप कमी पडू लागला. शेवटी लोखंड भरून येताना कसारा घाटात चेक लाइट पेटली, ताकद कापली गेली आणि गाडी इगतपुरीच्या अलीकडे बसली. तिथून टो करून कंपनीच्या वर्कशॉपला.

वर्कशॉपच्या फिटरने गाडीखाली वाकून पाहिलं आणि मलाच खाली बोलावलं. तिथे जे दिसलं ते जसंच्या तसं सांगतो.

जादा सेपरेटर जादा नव्हताच. कंपनीचा मूळ प्री-फिल्टर, म्हणजे पंपाच्या आधीचा पाणी अडवणारा फिल्टर, खालच्या वाटीसकट काढून नेलेला होता. त्याच्या जागी नवा डबा अडकवलेला. मी पैसे दिले एक वाढवायचे, आणि गाडीतला चांगला एक गायब. मामांना त्या वेळी "तासभर लागेल, चहा घेऊन या" म्हणून पलीकडच्या टपरीवर पाठवलं होतं.

मग दिवा विझला कसा? मूळ वाटीत खाली पाण्याचा सेन्सर असतो, दोन टोकांचा. डिझेलमधून वीज वाहत नाही, पाण्यातून वाहते. दोन्ही टोकं पाण्यात बुडाली की दिवा पेटतो. नव्या डब्याला सेन्सर बसवायला भोकच नव्हतं. त्या पठ्ठ्याने सेन्सर बाहेर काढला, कोरडा पुसला, प्लग तसाच जोडलेला ठेवला म्हणजे कॉम्प्युटरला तक्रार जाणार नाही, आणि काळ्या झिप टायने चेसिसला बांधून टाकला. हवेत लटकणाऱ्या सेन्सरला पाणी कुठून दिसणार? टाकीत हौदभर पाणी ओतलं असतं तरी दिवा पेटला नसता. दिवा विझला हाच तर माझ्यासाठी कामाचा पुरावा होता. प्रामाणिकपणे सांगतो, चोर असला तरी डोकं आहे.

तिसरी गोष्ट पाइपची. डिझेलच्या जाड पाइपऐवजी साधा रबरी पाइप, वर जुबली क्लिप. हा भाग फीड पंपाच्या आधी येतो, म्हणजे पंप इथून डिझेल ओढतो. ओढणाऱ्या बाजूची गळती फसवी असते. गाडी चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत खेचली जाते. खाली एक थेंब दिसत नाही, म्हणून मामांनीही रोज खाली पाहून "गळती नाही" सांगितलं. गाडी रात्रभर उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरून डिझेल मागे टाकीत उतरायचं, आणि सकाळी सेल्फ मारत बसायचं. फिटरने तिथे तात्पुरता पारदर्शक पाइप जोडून इंजिन चालू केलं, तर सोडा वॉटरसारखे बुडबुडे धावताना दिसले.

नोझल तपासायला पाठवले. दोन बाद, टोकावर गंजाचे ठिपके. टाकी साफ करणं, लाइन धुणं, नवा प्री-फिल्टर, सेन्सर, दोन नोझल, मजुरी, टोइंग. वॉरंटीचा अर्ज नाकारला गेला, कारण इंधनाच्या लाइनमध्ये बाहेरच्या माणसाने बदल केला होता. वर्कशॉपच्या मॅनेजरशी मी बराच वाद घातला, पण वॉरंटीच्या पुस्तकात तसं छापलेलं आहे. वॉरंटीतल्या गाडीच्या डिझेल लाइनला बाहेर पाना लागला की ते हात वर करतात, एवढं धरूनच चाला.

आता त्या बाटलीबद्दल. घरी शांतपणे हिशोब केला तेव्हा ती सरळ सरळ खोटी ठरली. बीएस-६ डिझेलमध्ये किलोमागे जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅम पाणी चालतं. तीनशे लिटरची टाकी म्हणजे साधारण अडीचशे किलो डिझेल, म्हणजे पूर्ण टाकीत मिळून पन्नास ग्रॅम. अर्धा कप सुद्धा नाही. समजा पंपाचं डिझेल खराब होतं आणि पाणी त्याच्या कितीतरी पट होतं. तरी माझ्या गाडीच्या त्या वाटीत अर्धा लिटर मावतच नाही! आणि वाटी काठोकाठ पाण्याने भरली असती तर पाणी पुढे पंपात जाऊन गाडी त्याच्या दारापर्यंत पोचली नसती. मामांना खोदून विचारलं तेव्हा कळलं की वाटीखाली आधी एक काळा कॅन धरला होता आणि त्यातून बाटलीत ओतलं. कॅनमध्ये आधी काय होतं हे कोणी पाहिलं?

खरं काम तिथे पाच मिनिटांचं होतं. दिवा पेटला म्हणजे वाटीत सेन्सरच्या टोकांपर्यंत पाणी आलंय, एवढाच त्याचा अर्थ. इंजिन बंद करायचं, वाटीच्या तळाचा कॉक सैल करायचा, खाली कोरडी पारदर्शक बाटली धरायची, स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडायचं, कॉक बंद, हातपंप दाबून एअर काढायची. गाडीच्या मॅन्युअलमध्ये चित्रासकट आहे. दिवा पुन्हा दुसऱ्याच दिवशी पेटला तर टाकीतच पाणी आहे, मग टाकी तळातून सोडून रिकामी करावी लागते. अशा वेळी चार सेपरेटर लावले तरी चारही भरतील.

तो डबा मी वर्कशॉपमधून घेऊन आलो आणि एक्सा ब्लेडने आडवा कापला. आत कागदाच्या घड्या, त्याही विरळ, एका बाजूला डिंक सुटलेला. शेजारी अस्सल फिल्टरचा जुना एलिमेंट ठेवला. दोन्ही कागदांचे तुकडे डिझेलमध्ये भिजवून वर पाण्याचा एकेक थेंब सोडला. अस्सल कागदावर थेंब मोत्यासारखा उभा राहिला, तुकडा तिरका केल्यावर घरंगळून गेला. डुप्लिकेटच्या कागदाने थेंब पिऊन टाकला. पाणी अडवण्याचा गुण ज्या कागदात नाही, तो सेपरेटर कसला? वर 'दोन मायक्रॉन' छापलेलं. खरं तर इतका बारीक फिल्टर पंपाच्या आधी, ओढणाऱ्या बाजूला सहसा लावत नाहीत. तिथे जाड जाळीचा, दहा-तीस मायक्रॉनचा लावतात, बारीक फिल्टर पंपानंतर येतो. आधीच बारीक लावला तर पंपाला डिझेल पुरत नाही आणि घाटात गाडी ओढत नाही. म्हणजे त्याने छापल्याप्रमाणे माल दिला असता, तरी जागा चुकलेलीच होती.

होलोग्रामवर जाऊ नका. या डब्यावर तो होता. वर्कशॉपच्या स्टोअरवाल्याने सांगितलं की अस्सल रिकाम्या डब्यांनाही गिऱ्हाईक आहे, आत दुसरा माल घालायला. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक रिकामा खोका फाडून आणि जुना फिल्टर स्क्रूड्रायव्हरने भोसकूनच टाकतो.

बिल म्हणून मामांच्या हातात एक कागद दिला होता. वर 'एस्टिमेट', खाली जीएसटी नंबर. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, याचाही होत होता. पण जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो आणि मी बोटाने मोजला तर १४ भरले. कर न भरणाऱ्या माणसाने एक अक्षर सुद्धा वाचवलं होतं.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. डुप्लिकेट मालाला ट्रेडमार्क कायदाही लागतो, आणि त्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ठाण्यात मात्र पहिलं उत्तर "हा तुमचा व्यवहाराचा वाद आहे" असंच मिळालं. ज्या कंपनीचा डबा नकली होता तिला मेल आणि फोटो पाठवल्यावर त्यांचा माणूस तपासणीला आला आणि तुकडे पाहून लेखी दिलं की माल त्यांचा नाही. तो कागद जोडला तेव्हा अर्ज हलला. तेव्हा कंपनीला आधी कळवा, मग ठाण्यात जा, निदान माझा अनुभव तसा आहे.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. तिथून गॅरेजवाल्याला विचारणा गेली, तर त्याचं उत्तर: "हे ट्रान्सपोर्टर आहेत, ग्राहक नाहीत." हा मुद्दा ट्रकवाल्यांनी नीट समजून घ्यायला हवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे खरी, पण स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. एकच गाडी घेऊन स्वतः चालवणारा माणूस ठामपणे ग्राहक आहे. माझ्यासारखा दोन गाड्या आणि पगारी ड्रायव्हर असलेला मध्येच लटकतो. वकिलांचं म्हणणं, दाखल करून बघू. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, आणि आता आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून नाशिकलाच केली. तारीख पडली आहे. यूपीआयची नोंद, झिप टायने बांधलेल्या सेन्सरचा गाडीखाली काढलेला फोटो, कापलेला डबा आणि वर्कशॉपचा जॉब कार्ड एवढा पुरावा आहे. व्हिडिओ कॉल मात्र रेकॉर्ड केलेला नव्हता.

जुन्या बीएस-४ गाडीची वॉरंटी केव्हाच संपली आहे, तिला मी या दिवाळीनंतर खरोखरचा जादा सेपरेटर बसवून घेतला. अधिकृत डीलरकडून, पार्ट नंबर इंजिनाच्या ताकदीशी जुळवून, मूळ फिल्टर जागेवर ठेवून, टाकी आणि त्याच्या मध्ये. पाइप डिझेलचाच. फिटिंग होईपर्यंत मामा स्टूल टाकून शेजारी बसले होते, चहा तिथेच मागवला. पक्क्या बिलासकट खर्च त्या साडेबारा हजारांपेक्षा कमी आला.