अजानचं घड्याळ: माल चांगला, पण खोक्यातून निघतं ते मक्केच्या वेळेवर

ठाण्यातल्या राबोडीत आणि मुंब्रा-कौशात जानमाज (नमाजाची चटई), तस्बीह (जपमाळ), अत्तर विकणाऱ्या दुकानांत हे डिजिटल टेबल-घड्याळ मिळतं. पाच वक्तांची, म्हणजे नमाजाच्या पाच वेळांची, अजान, हिजरी तारीख आणि सोबत किबल्याचं, म्हणजे काब्याची दिशा दाखवणारं, होकायंत्र. फोनमध्ये ॲप असताना हे कशाला? फजरसाठी, म्हणजे पहाटेच्या नमाजासाठी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद असतात. ठाण्यात फजरची वेळ जूनमध्ये साडेचारनंतर लगेच होते आणि जानेवारीअखेरीस ५:५८च्या आसपास, म्हणजे ती कधीच सहाच्या पुढे जात नाही. फोनशी झटापट न करणाऱ्या आजी-आजोबांच्या उशाशी म्हणूनच घड्याळ बरं.

दुकानदार ते लावून देत नाहीत, हीच मोठी तक्रार. यादीत ठाणे सहसा नसतं, मुंबई निवडा. फरक मिनिटभराचाही नाही, पण ठाणे-बेलापूर पूर्वेला असल्यामुळे इथे पहाट किंचित आधी होते. रमजानमध्ये सेहरी (रोजाआधीचं पहाटेचं खाणं) दोन मिनिटं आधीच आवरा. इफ्तारला उलट, मुंबईची वेळ पाळली तर अर्ध्या-पाऊण मिनिटाचा उशीरच होतो, त्यात धोका नाही. ‘समर टाइम’ बंद ठेवा, नाहीतर सगळंच तासभर पुढे पळेल. शहर बरोबर लागलंय का, हे जोहरवरून, म्हणजे दुपारच्या नमाजाच्या वेळेवरून, कळतं. ठाण्यात सूर्य माथ्यावर येतो तो वर्षभरात साधारण १२:२२ ते १२:५२ या दरम्यान. जोहर सव्वाबाराच्या आत किंवा एकच्या पुढे दिसली तर पुन्हा लावा.

मग गणनेची पद्धत. कारखान्यातून ती बहुधा उम्म अल-कुरा, म्हणजे सौदीची, असते. त्यात इशा (रात्रीची नमाज) मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजानंतर), रमजान सोडून, सरळ ९० मिनिटांनी धरतात. आपल्याकडे चालते ती कराची पद्धत, म्हणजे सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेला की इशा. तिच्या तुलनेत ९० मिनिटांची इशा हंगामानुसार ७ ते १७ मिनिटं उशिरा पडते.

खरी गल्लत असरमध्ये, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजात, होते. हनफी आणि शाफई हे इस्लामी आचारनियमांचे दोन संप्रदाय. हनफी मतात वस्तूची सावली, दुपारची मूळ सावली वगळून, दुप्पट झाली की असर लागते; शाफई मतात एकपट झाली की. ठाण्यात हा फरक डिसेंबरात पाऊण तास आणि जूनमध्ये सव्वा तास असतो. कोकणी मुसलमान घरं शाफई, उत्तरेकडून आलेली बहुतेक हनफी. एकाच इमारतीत दोन घड्याळं दोन वेळा अजान देतात आणि दोन्ही बरोबर असतात. विकत घेतानाच विचारा: असरसाठी हा पर्याय आहे का? नसेल तर घेऊ नका.

होकायंत्र मात्र खेळण्यातलंच. स्पीकरच्या चुंबकाजवळ किंवा लोखंडी कपाटाशेजारी सुई भरकटते. ठाण्यातून किबला सुमारे २८० अंशांवर, म्हणजे पश्चिमेला तोंड करून दहा अंश उजवीकडे. काट्याच्या घड्याळाच्या तबकडीवर हे दहा अंश म्हणजे साधारण पावणेदोन मिनिटांच्या खुणांएवढं अंतर.

आवाज दुकानातच ऐका. पूर्ण अजानमध्ये पंधरा वाक्यं आणि फजरला ‘अस्सलातु खैरुम मिनन्नौम’ दोनदा जास्त. स्वस्त नगांत पाचही वक्तांना एकच ध्वनिफीत असते, काहींत तर चार तकबीर (‘अल्लाहु अकबर’) झाल्या की संपलं.

तबकडीवरच्या काब्याच्या चित्राबद्दल, विशेषतः वास्तुशांतीला किंवा ईदेला शेजाऱ्यांना भेट देणाऱ्यांसाठी: ते देव्हाऱ्यातल्या तसबिरीसारखं नाही. काबा ही नमाजाची दिशा, पूजेची वस्तू नव्हे. अल्लाहला आकार नाही, चित्र नाही. चार आयतींची सूरह इखलास तेच सांगते: तो एक, कुणावर अवलंबून नाही, त्याने कुणाला जन्म दिला नाही, तो कुणाच्या पोटी आला नाही, त्याच्या तोडीचं कुणी नाही. चित्र नसलेली साधी तबकडीही तितकीच चालते, आणि अंक मोठे दिसतात.

हिजरी तारीख सौदीच्या पंचांगावर चालते, आपला चांद बहुधा एक दिवस मागे. उणे १ करा, पण दर हिजरी महिन्याच्या २९ तारखेनंतर मशिदीतून खात्री करून घ्या.

सेल बदलताना काही नग सगळं विसरून पुन्हा मक्केवर जातात. एका चिठ्ठीवर ‘मुंबई, कराची, हनफी किंवा शाफई, हिजरी उणे १’ लिहून घड्याळाच्या बुडाला चिकटवून ठेवा.