गायरानावर झाडी उभी करायची, तर कारभार कोणाकडे द्यावा?

मराठवाड्यात जंगल म्हणावं असं किनवटच्या बाजूला आहे, थोडं गौताळ्यात. लातूर जिल्ह्यात तर वनाखालची जमीन एक टक्काही नाही. नवी झाडी वाढवायची तर गावाच्या गायरानावरच. त्यासाठी ग्रामसभेपुढे साधारण तीन वाटा असतात.

पहिली वन विभागाची. रोपवाटिका, वनरक्षक आणि कायदा हे तिन्ही त्यांच्याकडे. डोंगरउतार आधीच्या वनाला लागून असेल तर तो त्यांच्याकडेच शोभतो. पण जमीन एकदा वन म्हणून नोंदली की १९८० चा वन संवर्धन कायदा लागू होतो. पुढे तिथे दुसरं काही उभारायचं तर परवानगीची वाट पाहावी लागते, चराईही त्यांच्या नियमाने. गावालगतचं गायरान या वाटेने देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी सामाजिक वनीकरणाची. हे खातं १९८२ साली निघालं तेच वनाबाहेरच्या जमिनीसाठी. जमीन गावाचीच राहते. खातं रोपं लावतं, साधारण तीन वर्षं सांभाळतं आणि मग ग्रामपंचायतीच्या हवाली करतं. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. राखणदार जातो, शेळ्या शिरतात, उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला आग लागते. चौथ्या वर्षाच्या राखणीचा पैसा कुठून येणार, हे ठरल्याशिवाय जमीन देऊ नका.

तिसरी वाट रोजगार हमीतून ग्रामपंचायतीने स्वतः करण्याची, ज्याला आपल्याकडे बिहार पॅटर्न म्हणतात. ठरावीक झाडं एकेका कुटुंबाकडे आणि मजुरी जगलेल्या झाडांच्या प्रमाणात. मला ही पद्धत मनापासून पटते, कारण पैसा खड्ड्यावर न मिळता झाडावर मिळतो. २०१६ ते २०१९ या काळात राज्याने २ कोटींपासून ३३ कोटींपर्यंत लागवडीची उद्दिष्टं ठेवली. गावात मात्र मोजायची ती तिसऱ्या उन्हाळ्यानंतर उभी असलेली झाडं. अडचणी दोन. मजुरी वेळेवर पडत नाही. आणि बीड, धाराशिव, जालन्याकडे धडधाकट माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नेमकं पाणी घालायच्या दिवसांत गाव रिकामं. म्हणून झाडं गावातच राहणाऱ्या विधवा, अपंग, वयस्कर माणसांच्या घरांकडे सोपवावीत. त्यांना घरबसल्या काम मिळतं आणि राखणही चोख होते.

बहुतेक गावांनी लागवड सामाजिक वनीकरणाकडून करून घ्यावी आणि संगोपन पहिल्या वर्षापासूनच गावातल्या कुटुंबांकडे द्यावं. टँकर लागणाऱ्या गावाने आधी उतारावर सलग समतल चर (पाणी मुरवण्यासाठी उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले लांब चर) खणावेत, मग कडुलिंब, करंज, खैर, आपटा, सीताफळ अशी मुरमात तग धरणारी झाडं निवडावीत.

एक गोष्ट मात्र कुठल्याही वाटेआधीची. मराठवाड्यात कित्येक गायरानं भूमिहीन, बहुतांशी दलित कुटुंबं वर्षानुवर्षं कसत आली आहेत. रिपब्लिकन पक्षाचे नेते दादासाहेब गायकवाडांनी १९६४ चा सत्याग्रह केला तो भूमिहीनांच्या जमिनीसाठीच. झाडांच्या नावाखाली त्यांना उठवणं हा अन्याय आहे. ठरावात गट नंबरसोबत कसणाऱ्यांची नावं, चराईसाठी राखलेला तुकडा आणि पाण्याचा स्रोत लिहा, आणि त्या कुटुंबांसमोर तो वाचून दाखवा.