जिम्नीला २१५/७५ की २३५/७५? मोठे टायर आणि स्पीडोमीटरचा हिशेब

मारुती जिम्नीचे मूळ १९५/८० आर१५ टायर काढून लोक बहुतेक दोनच मापं बसवतात : २१५/७५ आर१५ आणि २३५/७५ आर१५. 'मीटरला काही फरक पडत नाही' हे दुकानातलं उत्तर मात्र दोन्हींसाठी एकच असतं. पहिल्या मापाबाबत ते जवळजवळ खरं आहे, दुसऱ्याबाबत अजिबात नाही.

टायरच्या अंगावरच्या आकड्यांतूनच हे कळतं. १९५ मिमी रुंदीचे ८० टक्के म्हणजे १५६ मिमी, ही बाजूच्या भिंतीची उंची. वरची आणि खालची मिळून ३१२. त्यात १५ इंची डिस्कचे (टायर ज्यावर बसतो ती रिम) ३८१ मिळवले की व्यास आला ६९३ मिमी. याच रीतीने २१५/७५ चा व्यास ७०३.५ मिमी येतो, म्हणजे दीड टक्का जास्त. २३५/७५ चा येतो ७३३.५, म्हणजे जवळपास ५.८ टक्के जास्त. हे कागदावरचे आकडे. त्याच मापात दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात काही मिलिमीटरने वेगळे निघू शकतात.

स्पीडोमीटरला रस्ता दिसत नाही. आजच्या बहुतेक गाड्यांत तो एबीएसच्या सेन्सरकडून चाकाचे फेरे घेतो आणि एका फेऱ्याला ठरलेलं अंतर धरून वेग काढतो. टायर मोठा झाला की गाडी एका फेऱ्यात जास्त पुढे जाते आणि काटा मागे राहतो. पण कंपन्या काटा मुळातच थोडा पुढे ठेवतात. संयुक्त राष्ट्रांच्या आर३९ नियमानुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवला तर वेगाच्या १० टक्के अधिक ४ किमी इथपर्यंत चालतं. खरा वेग १०० असताना काटा १०० ते ११४ मध्ये कुठेही असला तरी नियमात बसतो.

ही पुढे ठेवलेली सूटच मोठा टायर खातो. समजा, मूळ टायरवर काटा १०० ला असताना खरा वेग ९५ आहे. २१५/७५ घातल्यावर तो साधारण ९६.५ होईल, म्हणजे काटा अजूनही सुरक्षित बाजूला. २३५/७५ घातला की १००.५. इथे सूट संपली, आणि मुळात काटा ५ ऐवजी ३ टक्केच पुढे असेल तर १०० वर बघत तुम्ही १०२-१०३ ने चाललेले असता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचे कॅमेरे तुमचा डॅशबोर्ड बघत नाहीत. ८० नंतर थांबून थांबून आणि १२० नंतर सलग वाजणारा वेगाचा इशाराही याच चुकलेल्या आकड्यावर चालतो, म्हणजे तोही उशिरा वाजतो.

दुकानात कुणी न सांगणारी गोष्ट झिजेची. नव्या टायरची नक्षी ८ मिमी खोल असेल आणि तो २ मिमीवर येईपर्यंत वापरला, तर व्यास १२ मिमीने घटतो. म्हणजे काढताना मूळ टायर ६९३ चा नसतो, ६८१ चा असतो. त्या जागी नवा २१५/७५ चढला की एका दिवसात ३.३ टक्क्यांची उडी बसते, आणि २३५/७५ चढला तर ७.७ टक्क्यांची. 'टायर बदलले आणि मीटर एकदम बरोबर झाला' असं जे म्हणतात, त्यातला बराचसा भाग या झिजेचा असतो. नवे टायर झिजले की काटा पुन्हा पुढे सरकतो.

तपासायचं असेल तर टायर बदलण्याआधीच सुरुवात करा. जुने टायर दुकानात देऊन झाल्यावर तुलनेला काही उरत नाही. थंड टायरमध्ये दारावरच्या पट्टीप्रमाणे हवा भरा. सपाट, सरळ रस्ता निवडा. काट्यावर ४०, ६०, ८० आणि १०० ला गाडी प्रत्येकी अर्धा मिनिट एकसारखी धरा (जिम्नीच्या अल्फा या वरच्या मॉडेलात क्रूझ कंट्रोल आहे, ते वापरा) आणि मोबाइलच्या जीपीएसवरचा वेग शेजारच्याला लिहून घ्यायला सांगा. वेग वाढवताना किंवा ब्रेक लावताना जीपीएस मागे पडतो, त्यामुळे ते आकडे धरू नका. भाताण किंवा माडपच्या बोगद्यात तर प्रश्नच नाही. नवे टायर बसल्यावर हेच पुन्हा करा. जीपीएसवर भरवसा नसेल तर टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा, चालक आत बसलेला असताना गाडी सरळ पाच फेरे ढकला आणि टेपने अंतर मोजून पाचाने भागा. गाडीच्या वजनाने टायर खाली दबतो, म्हणून हे माप व्यासाच्या सूत्रापेक्षा थोडं कमी येणारच. जुन्या-नव्यातलं प्रमाण तेवढं बघायचं.

किलोमीटरचा आकडाही घसरतो, आणि त्यात वेगाच्या काट्यासारखी सूट सहसा ठेवलेली नसते. २३५/७५ वर मीटर १०,००० दाखवेल तेव्हा गाडी साधारण १०,५८० किमी चाललेली असेल. 'मोठ्या टायरने अ‍ॅव्हरेज खाल्लं' ही तक्रार त्यामुळे अर्धीच खरी. पडद्यावर १४ दिसत असेल तर खरा आकडा १४.८ च्या आसपास आहे. जड टायरने इंधन जास्त जातंच, पण दिसतं तेवढं नाही. सर्व्हिसची तारीख मात्र आधी धरा.

स्पीडोमीटर सोडून बघितलं तरी २३५/७५ पसंत पडत नाही. जिम्नीची डिस्क ५.५ इंच रुंद, आणि या टायरला किमान ६ इंच लागते. अरुंद डिस्कवर तो मधे फुगतो आणि वळणावर भिंत डुलते. स्टीअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर बंपरच्या कडेला किंवा मडफ्लॅपला घासण्याची शक्यता असते. आणि दुकानात उभ्या गाडीवर घासत नाही म्हणजे खड्ड्यात दबल्यावर घासणार नाही असं नव्हे. गिअर ५.८ टक्क्यांनी लांब झाल्यासारखे होतात, त्यामुळे भरल्या गाडीने घाटात उभ्यावरून उठताना क्लच जास्त घासतो. बदल्यात जमिनीपासूनची उंची वाढते २० मिमी. २१५/७५ मध्ये ती ५ मिमीच वाढते, पण तो मूळ डिस्कवर नीट बसतो आणि गिअरचा फरक पायाला कळतही नाही. घ्यायचा तर हाच. भारांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा अंक) मूळ ९६ पेक्षा खाली नको.

आणि पाच घ्या, चार नव्हे. जिम्नीत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये सेंटर डिफरन्शिअल (दोन्हींना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा) नाही. पंक्चर झाल्यावर १९५ ची स्टेपनी लावून फोर-एच (चारही चाकांना ताकद) मध्ये कोरड्या डांबरावर गेलात तर दोन अ‍ॅक्सलचे फेरे जुळत नाहीत आणि ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर येतो. अशी स्टेपनी चढवावीच लागली तर टू-एच (फक्त मागच्या चाकांना ताकद) मध्येच हळू टायरवाल्यापर्यंत जा.