पोर्टेबल कॅसेट रेकॉर्डर कशावर चालवावा: साधे सेल, चार्जेबल सेल, अ‍ॅडॉप्टर की पॉवर बँक?

काहीही विकत घेण्याआधी सेलच्या खणाचं झाकण उघडून आतली पट्टी वाचा. खणात किती सेल बसतात ते मोजा आणि 1.5 ने गुणा, की मशीनचं व्होल्टेज मिळालं. दोन सेल म्हणजे 3 व्होल्ट, चार म्हणजे 6. सोनीचा टीसी-डी5एम दोन मोठ्या डी सेलवर चालतो, डब्ल्यूएम-डी6सी चार पेन्सिल सेलवर. पहिल्याला 6 व्होल्ट दिले तर मशीन जळण्याचा धोका आहे, दुसऱ्याला 3 दिले तर तो नीट चालणारच नाही.

मग स्वतःला विचारा, मशीनवर रेकॉर्डिंग करायचं आहे की फक्त जुन्या कॅसेट ऐकायच्या आहेत? निवड यावरच ठरते. ऐकताना वीज कमी पडली तर आवाज ओढल्यासारखा येतो, तो लगेच कळतो आणि कॅसेटचं काही बिघडत नाही. रेकॉर्डिंग करताना मात्र मोटर मंदावली तरी मॉनिटरवर, म्हणजे त्याच वेळी हेडफोनवर, आवाज ठीकच ऐकू येतो. नंतर योग्य वेगाने वाजवल्यावर तोच आवाज घाईचा आणि चिरका निघतो, आणि तोवर बोलणारा माणूस निघून गेलेला असतो. त्यामुळे खाली रेकॉर्डिंगसाठी कडक आणि ऐकण्यासाठी थोडा सैल असा वेगळा निकष लावला आहे.

अल्कलाइन विरुद्ध चार्जेबल

नवा अल्कलाइन सेल 1.6 व्होल्टच्या आसपास सुरू होतो आणि हळूहळू उतरत 1 व्होल्टपर्यंत येतो. निकेल-मेटल हायड्राइड चार्जेबल सेल चार्जरमधून काढल्यावर 1.4 दाखवतो, लवकरच 1.2 ते 1.25 वर येऊन बराच काळ तिथेच टिकतो आणि शेवटी एकदम कोसळतो. "1.2 वाला सेल 1.5 च्या मशीनला पुरणार नाही" ही भीती बहुतेक रेकॉर्डरच्या बाबतीत फोल आहे. अल्कलाइन सेल स्वतःच आयुष्याचा मोठा भाग 1.3 च्या खाली काढतो, आणि मोटरचं वेगनियंत्रण ते धरूनच बनवलेलं असतं.

खरी अडचण बॅटरी मीटरची आहे. तो अल्कलाइनच्या हिशोबाने लावलेला असल्याने चार्जेबल पूर्ण भरलेले असतानाही काटा अर्ध्यावर दिसतो. उलट सेल संपत आले की मीटरने इशारा दिल्यापासून बंद पडेपर्यंत फार वेळ मिळत नाही. म्हणून चार्जेबलवर मीटरकडे न बघता तासांचा हिशोब ठेवावा. मशीन 150 मिलिअँपिअर घेत असेल तर 2000 मिलिअँपिअर-तासांचे सेल कागदावर 13 तास चालतात. रिवाइंड आणि सेलचं वय धरून 9-10 तासच गृहीत धरा, आणि लांब मुलाखतीआधी ताजे भरलेले सेल घाला. घेताना चार्ज टिकवून ठेवणारे, म्हणजे लो सेल्फ-डिस्चार्ज प्रकारचे घ्या.

अल्कलाइनचा मोठा दोष म्हणजे तो गळतो. आतलं पोटॅशिअम हायड्रॉक्साइड बाहेर येऊन पांढरा खरपुडा धरतो, स्प्रिंगवरचा मुलामा खातो आणि वायरच्या प्लास्टिकखालून सर्किटपर्यंत सरकतो. साफ करायची वेळ आलीच तर हातमोजे आणि चष्मा घाला. कोरडा खरपुडा जुन्या टूथब्रशने झाडा. कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पुसा. फेस येईल, तो थांबेपर्यंत काड्या बदलत राहा. मग ओलसर काडीने व्हिनेगर काढा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून पूर्ण वाळू द्या. स्प्रिंगचा मुलामा गेला असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून काम भागतं, पण पुन्हा गंज येतो. तेव्हा स्प्रिंगच बदललेली बरी. व्हिनेगरचा हा उपाय फक्त अल्कलाइन गळतीसाठी. झिंक-कार्बन सेलची गळती आम्लधर्मी असते, तिला खाण्याच्या सोड्याचं पाणी लागतं.

नवे-जुने किंवा वेगवेगळ्या प्रकारचे सेल एकत्र घालू नका. आधी संपलेल्या सेलमधून बाकीचे उलटा करंट ढकलतात आणि तोच आधी गळतो.

डी आकाराचे चार्जेबल घेताना वजन बघा. 8000 ते 10000 मिलिअँपिअर-तासांचा खरा सेल 150 ग्रॅमच्या आसपास भरतो. हाताला हलका लागला तर मोठ्या डब्यात लहान सेल बसवलेला आहे असं समजा. तसा सेल घेण्यापेक्षा पेन्सिल सेल डी मापात बसवणारे प्लास्टिकचे अ‍ॅडॉप्टर स्वस्त पडतात, आणि रेकॉर्डरच्या माफक करंटला ते चालतात. फक्त तास पेन्सिल सेलइतकेच मिळतील.

लिथियम: तीन वेगळ्या वस्तू, एकच आकार

एकदाच वापरायचा लिथियम सेल हलका असतो, थंडीत चालतो आणि सहसा गळत नाही. महत्त्वाच्या एकाच रेकॉर्डिंगसाठी तो उत्तम. नवा असताना 1.7-1.8 व्होल्ट दाखवतो, त्याने रेकॉर्डरला सहसा त्रास होत नाही.

1.5 व्होल्टचा रिचार्जेबल लिथियम सेल आत कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज बदलणारं सर्किट, घेऊन येतो. व्होल्टेज शेवटपर्यंत स्थिर राहतं आणि मग सूचना न देता शून्य होतं. कन्व्हर्टरची खरखर माइकच्या इनपुटमध्ये उतरू शकते. ऐकायला चालेल. रेकॉर्डिंगसाठी आधी चाचणी घ्या.

तिसरा 14500. दिसायला पेन्सिल सेल, पण 3.7 व्होल्टचा, आणि पूर्ण भरल्यावर 4.2 चा. दोन घातले की 3 व्होल्टच्या मशीनला 8.4 व्होल्ट बसतात. हा रेकॉर्डरमध्ये कधीच घालू नका.

अ‍ॅडॉप्टर

घरी टेबलावर तासन्‌तास कॅसेट वाजवायच्या असतील तर अ‍ॅडॉप्टर सर्वांत सोयीचा, आणि सर्वांत जास्त मशीन यानेच मरतात. कारण बहुधा उलटी पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची अदलाबदल. 1970 आणि 80 च्या दशकांतल्या अनेक जपानी मशीनमध्ये पिनचं मधलं टोक मायनस असतं, तर आजच्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरमध्ये ते प्लस. जॅकशेजारचं गोलाचं चिन्ह बघा. मधल्या ठिपक्याला जोडलेली खूण मधल्या टोकाची. पिवळ्या टोकाची ईआयएजे (जपानी मानकाची) पिन असेल तर मध्य प्लस असतो आणि व्होल्टेजप्रमाणे माप बदलतं: 3.15 व्होल्टपर्यंत 2.35 मिलिमीटरची, त्यावर 6.3 पर्यंत 4 मिलिमीटरची.

अ‍ॅडॉप्टरवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, मोजा. मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर, लाल टोक पिनच्या भोकात, काळं बाहेरच्या कड्यावर. आकड्यापुढे मायनस आला तर मध्य मायनस. आता व्होल्टेज. जुना, जड ट्रान्सफॉर्मरचा 6 व्होल्टचा एलिमिनेटर मोकळा असताना 8-9 व्होल्ट दाखवू शकतो, कारण त्यात व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर नसतो. 47 ओहम, 5 वॉटचा रेझिस्टर जोडून पुन्हा मोजा. 6 व्होल्टला साधारण 130 मिलिअँपिअरचा लोड होतो. 3 व्होल्टसाठी 22 ओहम पुरतो. रेझिस्टर गरम होतो, हातात धरू नका. लोडसह आणि लोडशिवाय आकडा जवळपास सारखाच आला तर तो रेग्युलेटेड. तोच घ्या. करंटची क्षमता मशीनच्या गरजेपेक्षा जास्त असली तरी चालते, मशीन हवा तेवढाच करंट ओढतं.

आवाजाच्या बाजूने बघता रेग्युलेटर नसलेला एलिमिनेटर 100 किंवा 120 हर्ट्झची गुणगुण देतो. हलक्या स्विचिंग अ‍ॅडॉप्टरमध्ये ती नसते, पण बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ शकतो, आणि मशीनच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या जाणवतात. कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायच्या असतील तर लिनिअर रेग्युलेटेड, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि रेग्युलेटर असलेला, अ‍ॅडॉप्टर शोधायचा त्रास घ्यावा. तरीही गुणगुण आली तर रेकॉर्डर सेलवर चालवून बघा. ती थांबली, तर दोष अ‍ॅडॉप्टरमध्ये किंवा त्याच्यामुळे झालेल्या अर्थिंगच्या फेऱ्यात आहे.

एक तपासणी फार कमी जण करतात. पिन घातली की जॅकमधली पत्ती उचलून सेल तोडले जातात. ती पत्ती वाकली असेल तर अ‍ॅडॉप्टर खणातल्या अल्कलाइन सेलना चार्ज करू लागतो आणि ते गळतात. सेल काढा, अ‍ॅडॉप्टर जोडा, खणाच्या प्लस-मायनस टोकांवर मीटर लावा. अ‍ॅडॉप्टरचं पूर्ण व्होल्टेज दिसलं तर पत्ती बदलेपर्यंत दोन्ही एकत्र ठेवू नका.

मुख्य लाइनची वायर थेट लागणाऱ्या मशीनवर 110-120 आणि 220-240 चा सिलेक्टर असेल तर आधी तो पाहा. अशा बऱ्याच मशीनमध्ये वायर सॉकेटमध्ये नुसती खोचलेली राहिली तरी सेल तुटतात, आणि मशीन बिघडलं असं उगाच वाटतं.

पॉवर बँक

यूएसबीचे 5 व्होल्ट 6 व्होल्टच्या मशीनला बहुधा पुरतात, कारण चार चार्जेबल सेलही तेवढेच देतात. 3 व्होल्टच्या मशीनला मात्र थेट कधीच नाही. मध्ये व्होल्टेज उतरवणारं मॉड्यूल लागतं, आणि त्याचा स्क्रू फिरवून आउटपुट 3 वर आणल्यानंतरच मशीन जोडायचं. शिवाय कमी करंट दिसला की बऱ्याच पॉवर बँक स्वतःहून बंद होतात. पॉज दाबून ठेवलेला रेकॉर्डर नेमका तसाच दिसतो. कन्व्हर्टरची खरखर आहेच. प्रवासात ऐकायला ठीक, रेकॉर्डिंगला आमची पसंती नाही. तिथे चार्जेबल सेलच, आणि खिशात एक जादा संच.

निवड झाल्यावर पाच मिनिटांची चाचणी घ्या. फोनवर 3000 हर्ट्झचा टोन लावून नव्या पुरवठ्यावर मिनिटभर रेकॉर्ड करा. मग ताज्या अल्कलाइन सेलवर वाजवून फ्रीक्वेन्सी मोजणाऱ्या अ‍ॅपवर बघा. 30 हर्ट्झचा फरक म्हणजे वेगात एक टक्का. आकडा 3000 च्या बराच वर गेला, तर रेकॉर्डिंगच्या वेळी मोटरला वीज कमी पडत होती. शेवटी माइक लावून, बंद खोलीत, काही न बोलता आणखी मिनिटभर रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर ऐका. सेलवर केलेल्या तशाच रेकॉर्डिंगपेक्षा जास्त शिट्टी किंवा गुणगुण आली तर तो पुरवठा फक्त ऐकण्यासाठी ठेवा.