बीजी-२ कपाशी: एका हंगामानंतरचा अनुभव

चोपडा तालुक्यात आमची काळी जमीन, ठिबकवरची कपाशी. २०२५ च्या खरिपात बीजी-२ लावली, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेलं कपाशीचं बियाणं. आता पऱ्हाटी उपटून शेत मोकळं झालंय, म्हणून सविस्तर लिहितो.

उगवण चांगली झाली. बियाण्याच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाला सरकारने २०२५ साठी ठरवलेली कमाल किंमत ९०१ रुपये होती. एका दुकानदाराने सोबत दुसरं औषध घ्याच म्हणून अडवलं, पण पुढच्या दुकानात छापील किमतीत पक्क्या बिलावर मिळालं. किमतीवरचा हा लगाम फार मोलाचा आहे. आपल्या कायद्यात बियाण्याला पेटंट मिळत नाही. ते मिळालं होतं त्यात घातलेल्या जनुकाला. त्यापोटी एका पाकिटामागे सुमारे १६३ रुपये पेटंटवाल्या कंपनीला जायचे. केंद्राने किंमत नियंत्रण आदेश काढला आणि २०१६ ला हे शुल्क ४९ वर आणलं, २०१८ ला ३९, मग २०, आणि २०२० ला शून्य. वीस वर्षांचा हक्क सरकारच देतं, तर त्याचा भार शेतकऱ्याला पेलेल एवढाच ठेवणं हेही सरकारचंच काम, असं माझं ठाम मत आहे.

पण शुल्क शून्य झालं तोवर जनुकाचा जोरही सरला होता. गणपती उठल्यावर डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुलं, दिसायला लागल्या. मिटलेली पाकळी उलगडली की आत गुलाबी बोंडअळी. पहिल्या वेचणीचा कापूस पांढराशुभ्र निघाला. शेवटच्या वेचणीला निम्मी कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस. किडकं बोंड फोडलं तर दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या. २०१७ ला अख्ख्या महाराष्ट्राने हेच भोगलं, तरी त्यानंतर नवीन जनुक बाजारात आलेलं नाही. शुल्काच्या वादात हे जनुक आणणाऱ्या मोन्सँटो कंपनीने तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या वाणाचा अर्ज २०१६ लाच मागे घेतला. आज तशा गुणाचं एचटीबीटी हे परवानगी नसलेलं बियाणं चोरून विकलं जातं, बिलाशिवाय. मलाही देऊ केलं होतं, घेतलं नाही. फसलो तर तक्रार कुणाकडे करणार? पुढच्या तंत्राचं शुल्क सरकारने आधीच जाहीर करावं, म्हणजे संशोधनही थांबणार नाही आणि लूटही होणार नाही.

बागायतदारांनी बीजी-२ लावायला हरकत नाही. मात्र जूनच्या आधी सरकी टोबू नका, कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) फुलं लागायच्या आधी लावा, आणि फरदड (हंगाम संपल्यावरही जादा वेचणीसाठी राखलेली कपाशी) ठेवायची नाही हे बांधाला बांध असलेल्यांनी मिळूनच ठरवा. एकट्याने उपटून अळी जात नाही.