आठ महिन्यांनंतर: घरच्या सुतारकामाची हत्यारं, कामाची आणि बिनकामाची

बारा हत्यारांचा डबा घेऊ नका. मुद्द्याची गोष्ट आधीच सांगून टाकते, बाकीचं ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचावं. मी तो डबा घेतला होता. कोरीव कामाच्या बारा छोट्या पटाश्या, प्रत्येकीला लाल मूठ, आत मखमलीसारखं अस्तर. इतका देखणा की पहिले चार दिवस मी तो नुसता उघडून बघत होते. पोलाद मात्र इतकं मऊ की जरा घट्ट लाकूड लागलं की धार वळलीच. आज त्या बारांतली एकच वापरात आहे, तीही रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला.

रोज हाताला लागतात ती हत्यारं वेगळीच निघाली. ओढून कापायची करवत, १२ आणि १८ मिलिमीटरच्या दोन पटाश्या, एका हातात मावेल असा लाकूड तासायचा लहान रंधा, काटकोन बघायचा गुण्या, आखणीची सुरी, फळ्या आवळून धरायचे दोन सी-क्लॅम्प आणि धारेचा दगड. एवढ्यावर मोबाइल टेकवायचा स्टँड झाला, किल्ल्या अडकवायची फळी झाली, पेनं ठेवायचा ठोकळा झाला आणि सरकत्या झाकणाचे दोन डबे झाले. त्यातला पहिला फसला. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

करवतीवर मी खूश आहे. नेहमीची करवत ढकलताना कापते, त्यामुळे पातं वाकू नये म्हणून ते जाड ठेवावं लागतं. ही जपानी पद्धतीची, ओढताना कापते. ओढताना पातं आपोआप ताणलं जातं, म्हणून ते पातळ असलं तरी चालतं. काप बारीक पडतो, जोर कमी लागतो. दोन्ही कडांना दात आहेत, एका कडेला फळी आडवी कापायचे आणि दुसरीकडे रेषांच्या दिशेने चिरायचे. पहिला महिनाभर मी चिरायच्या दातांनी आडवं कापत होते आणि कडा फाटतात म्हणून लाकडाला नावं ठेवत होते. दोष एकच: हे दात इतके कडक केलेले असतात की कानशीने धार लावता येत नाही, पातंच बदलावं लागतं. माझे दोन दात खोक्याच्या जुन्या फळीत लपलेल्या खिळ्यावर गेले. फुकटचं लाकूड असं महागात पडतं. तसल्या फळ्या वापरणार असाल तर शिक्का बघून घ्या. एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. एमबीवाली मी घरात आणत नाही.

आता पटाशी. इथे जरा रेंगाळणार आहे, कारण आठ महिन्यांत मी जे काही शिकले त्यातलं निम्मं इथेच शिकले.

नवी पटाशी धारदार नसते. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी ती खोक्यातून काढली, लाकडाला लावली, ती जाईना म्हणून जोर केला, आणि ती घसरून थेट डाव्या अंगठ्यावर आली. बोथट हत्याराला जोर लागतो, आणि जोरात असलेलं हत्यार घसरलं की ते आपल्या हातात राहत नाही. तेव्हापासून दुसरा हात कायम धारेच्या मागे.

मग दगड आणला, १००० ग्रिटचा (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक). धार लावायची म्हणजे टोकाची तिरकी बाजू, म्हणजे उतार, घासायचा अशी माझी समजूत. पण आधी पाठ, म्हणजे उताराच्या उलट बाजू, सपाट लागते. पाठीवर काळ्या मार्करने रंगवून दगडावर दहा-बारा वेळा घासली आणि उलटून बघितलं, तर दोन्ही कडांची शाई गेलेली आणि मधे काळा पट्टा तसाच. म्हणजे मधे खळगा. धारेजवळचा तेवढा भाग सपाट करायला दीड तास गेला, बोटांची टोकं आंबली. हे काम मात्र प्रत्येक पटाशीला एकदाच. त्यानंतर उतार २५ अंशांचा, आणि शेवटचे चार-पाच हात किंचित उचलून, साधारण ३० अंशांवर. पाठीकडे बोट फिरवलं की खरखरीत बारीक कोर लागते. ती धारेच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत लागली की समजायचं, उताराचं काम झालं. मग पाठ दगडावर सपाट टेकवून ती कोर काढायची आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर मागे ओढत थोडे हात मारायचे.

पारख सोपी आहे. मऊ लाकडाच्या तुकड्याचं कापलेलं टोक घ्या, जिथे तंतू आपल्याकडे तोंड करून असतात, आणि तिथून पातळ काप काढा. बोथट पटाशी तंतू चिरडते, जागा पांढुरकी आणि भुसभुशीत दिसते. धार नीट असेल तर तीच जागा गुळगुळीत आणि गडद दिसते, ओली असल्यासारखी. पहिल्यांदा तसा काप निघाला तेव्हा मी उरलेला सगळा तुकडा काप काढून काढून संपवला. त्यातून काहीही बनलं नाही.

दगडाबद्दल एक तक्रार: मधे झिजतो. तीन महिन्यांनी माझी धार गोलसर येऊ लागली तेव्हा लक्षात आलं. आता त्याच्यावर पेन्सिलीच्या रेघा मारते आणि काचेवर ठेवलेल्या जाड सँडपेपरवर रेघा पुसल्या जाईपर्यंत घासते.

गुण्याची गंमत वेगळीच. माझा एकही सांधा काटकोनात बसेना. नाचता येईना अंगण वाकडं, असं मीच मला ऐकवत होते. दोन महिन्यांनी सहज म्हणून फळीच्या सरळ कडेला गुण्या लावून रेघ मारली, तो उलटा करून त्याच जागेवरून परत मारली. दोन्ही रेघा एकावर एक यायला हव्या होत्या. वरच्या टोकाला त्यांच्यात दोन मिलिमीटरचं अंतर होतं. अशा तपासणीत चूक दुप्पट दिसते, म्हणजे गुण्या एक मिलिमीटर बाहेर. अंगण खरंच वाकडं होतं! घेतानाच पेन्सिल आणि सरळ कडेची फळी सोबत ठेवा, पाहणारे हसले तर हसू देत.

आता तो फसलेला डबा. झाकण ९० मिलिमीटर रुंद, खाचेत इतकं चपखल बसवलं की हलकं दाबलं तर हवेचा फुसकारा ऐकू यायचा. चार जणांना दाखवून झालं. पुढे हवा दमट झाली आणि झाकण अडकलं ते अडकलंच. लाकूड लांबीला जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीला दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. त्यातही खोड कसं चिरलंय यावर बरंच असतं: वार्षिक वलयांच्या दिशेने होणारा बदल वलयांना छेदून होणाऱ्या बदलाच्या साधारण दुप्पट. एवढंसं झाकणही सहज एक मिलिमीटर फुगू शकतं. दुसऱ्या डब्याला मी दोन्ही बाजूंनी जागा सोडली आणि तळाची फळी गोंद न लावता नुसती खाचेत ठेवली. ती आतल्या आत सरकते, डब्याला तडा जात नाही.

गोंदाचं थोडक्यात: नेहमीचा पांढरा गोंद पुरतो, पण फळीच्या कापलेल्या टोकाला तो नीट धरत नाही, तंतू पिऊन टाकतात. माझा पहिला मोबाइल स्टँड असाच निखळला, मोबाइलसकट. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसत बसू नका. तो लाकडात मुरतो आणि तेल लावल्यावर तिथे फिका डाग उठतो. रबरासारखा होऊ द्या, मग पटाशीने उचला. क्लॅम्प तासाभरात काढला तरी चोवीस तास सांध्यावर जोर देऊ नका.

घासकामाला १२०, १८०, २४० हे तीन पेपर बास. रंध्याला नीट धार असली तर १२० लागतही नाही. मात्र घासताना मास्क लावा. छिलके खाली पडतात, बारीक भुसा हवेत राहतो, आणि लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत १९९५ पासून पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत आहे. हातकामात धूळ कमी उडते, पण सँडपेपर तो सँडपेपरच.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा. लाकडाचा रंग खुलतो, पण वाळायला दिवस लागतात. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मी ते मोकळं पसरून बाहेर वाळत घालते.

जागा म्हणाल तर घरातलं साधं टेबल. ठोकायचं काम टेबलाच्या पायाच्या बरोब्बर वर करते. तिथे फळी उसळत नाही, घाव पुरा लागतो आणि आवाजही कमी होतो. तरीही रविवारी दुपारी पटाशीवर ठोकणं सोडलं आहे. का, ते खालच्या मजल्यावरच्यांना विचारा.

पहिला डबा फेकला नव्हता. परवा शेल्फवरून दुसरंच काही काढताना तो हाताला लागला आणि झाकण अलगद सरकलं. हवा कोरडी झाली होती. आत माझी आखणीची पेन्सिल, जी मी सहा महिन्यांपूर्वी हरवली म्हणून घरात सगळ्यांवर चिडले होते. झाकण मी अजून रंधलेलं नाही. फक्त त्यात आता लागणारं काही ठेवत नाही.